चाकामागे वाकून बघताना

दिल्ली विद्यापीठाच्या बाजूने रिजच्या टेकडीवर चढलं की हिंदूराव हॉस्पिटल लागतं. उत्तर दिल्लीतल्या रिक्षावाल्याला नुसतं ‘हिंदूराव’ म्हटलं तरी पुरतं. पण हे नाव कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटग्यांचं, हे तिथे फारच थोड्यांना ठाऊक असतं. हिंदूराव घाटगे म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा खून झाला आणि टेकडीवरचा त्याचा बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. १८५५ मध्ये ते वारले. दोनच वर्षांनी, १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात, इंग्रजांनी याच बंगल्यात आपलं ठाणं मांडलं आणि शहराकडून आलेल्या तोफगोळ्यांनी भिंतींची चाळण झाली. नाव मात्र टिकलं, हॉस्पिटलला आणि खालच्या बाडा हिंदूराव वस्तीलाही.

टेकडी उतरून तीस हजारी, मोरी गेट करत कश्मीरी गेटला आलं की मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार सुरू होतो. देशातल्या मोठ्या बाजारांपैकी हा एक. एका दुकानात फक्त बेअरिंग, शेजारी फक्त आरसे, पुढे दोन्ही भिंतींना छतापर्यंत रचलेले शॉकअप. अर्थात तिथे ‘शॉकअप’ म्हटलं तर दुकानदार क्षणभर थांबेल. दिल्लीत त्याला ‘शॉकर’ म्हणतात. आपण पाटे म्हणतो ती तिथली ‘कमानी’. दिल्लीची जुनी गाडी बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने हे दोन शब्द तरी खिशात ठेवावेत, कारण विकणारा ‘शॉकर नये हैं’ असं अभिमानाने सांगतो आणि तपासणीची सुरुवात नेमकी तिथूनच व्हायला हवी.

मराठी माणूस गाडीसाठी दिल्लीला जातो याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या १५ वर्षांवरच्या सगळ्या आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये या नियमावरून पुन्हा कोर्टकचेरी झाली, काही सवलतीही मिळाल्या. पण एवढ्या वर्षांत बाजाराची सवय ठरून गेली: मुदत जवळ आलेली, अंगाने धडधाकट गाडी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात विकायची. त्यातल्या काही पुण्या-नाशकाला, नागपूरला येतात. रंग चकचकीत, आतली सीट नवीकोरी. चाकामागे काय बसवलंय, ते कुणी वाकून बघत नाही.

आणि तिथेच आधीच्या मालकाची हौस, काटकसर किंवा कुणा मिस्त्रीची घाई लपलेली असते.

सस्पेन्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते, पण ती मुळात दोन कामं आहेत. गाडीचं वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग एकटी असती तर पाळण्यासारखी वर-खाली होत राहिली असती. ती हालचाल मारायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा दट्ट्या असतो. चाक हललं की तेल त्या भोकांतून जबरीने सरकतं आणि हादऱ्याची ताकद उष्णतेत विरते. खराब रस्त्यावर तासभर चालवलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळे. म्हणजे गाडी बसली असेल, एका बाजूला कलली असेल तर संशय स्प्रिंगवर घ्यायचा. डोलत असेल, गतिरोधकानंतर दोन-तीनदा खाली-वर होत असेल तर शॉकअपवर. गाडीची उंची वाढावी म्हणून नवे शॉकअप टाकणारे पुष्कळ भेटतात, आणि सर्वसाधारण तेलाच्या शॉकअपने उंची वाढत नाही हे त्यांना पैसे गेल्यावर कळतं.

ही विद्या बग्ग्यांच्या काळातली आहे. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ मध्ये लंबगोल पाट्यांच्या कमानी बग्गीला लावल्या आणि प्रवाशांच्या पाठी सुटल्या. शॉकअपमध्ये आज जगभर नावाजलेली हॉलंडची कोनी कंपनीही १८५७ मध्ये, हिंदूरावांच्या बंगल्यावर तोफा चालल्या त्याच वर्षी, घोड्यांचा सरंजाम बनवणारी म्हणून सुरू झाली होती.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. समजा, नाशिकच्या एका कुटुंबाला दिल्लीतली २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट पसंत पडली आहे. पहिलं काम इंजिन चालू करायचं नव्हे. गाडी सपाट जागी आणायची, चारही टायरांत दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरायची, गाडी दोन-चार हात पुढेमागे ढकलायची म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं, आणि मग टेप काढायचा. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून वहीत लिहायचं. जमिनीपासून मोजू नये, कारण टायर बदलला की तो आकडा बदलतो. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभराहून जास्त फरक असेल तर काहीतरी झालेलं आहे: एका बाजूची स्प्रिंग थकलीय, तुटलीय किंवा एकच बदललीय. हे चार आकडे पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात.

मग स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि मोबाइलचा टॉर्च चाकामागे धरायचा. मडगार्डच्या आत, चिखलाच्या थराखाली, उभा जाड नळा आणि त्याभोवती स्प्रिंग दिसते. हा मॅकफर्सन स्ट्रट. कापडाने नळा पुसला की गोष्टी बोलायला लागतात. खालच्या ब्रॅकेटजवळ ठोकलेला किंवा छापलेला नंबर शोधायचा आणि त्याचा फोटो घ्यायचा. रंगावर विसंबू नये. बिलस्टीनचा नळा पिवळा असतो, कोनीच्या स्पोर्टचाही पिवळाच, कोनीच्या जुन्या मालिकेचा लाल. पण स्प्रे-पेंटचा डबा कश्मीरी गेटलाही मिळतो. कंपनीचं नाव दिसलं म्हणजे भाग बाहेरचा, असंही नाही. १९६१ पासून चालत आलेल्या आणि आपल्या चाकण-नाशिकला कारखाने असलेल्या गॅब्रिएल इंडियाचंच उदाहरण घ्या. ती गाडीच्या कंपन्यांनाही माल देते आणि दुकानातही. नाव एकच, आतली बांधणी वेगळी असू शकते. ओळख पटते ती नंबरावरून, मूळ भागाच्या यादीशी ताडून.

नळ्याच्या वरच्या टोकाशी तेलाने चिकटलेली धूळ असेल तर सील गेलंय. नुसता ओलसरपणा आणि खालपर्यंत उतरलेला काळा ओघळ यांत फरक करावा. पहिल्यावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्यावर खर्च धरायचा. ताजा काळा रंग आणि त्याखाली खडबडीत वेल्डिंगची कड लागली तर तो शॉकअप उघडून, तेल भरून पुन्हा बंद केलेला असण्याची दाट शक्यता. दांड्यावरची रबरी पिशवी आणि पिवळट फोमचा बफर आहे ना, हेही बघावं. घाईच्या कामात हे दोन भाग हमखास गायब होतात, आणि बफरशिवाय मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळतं.

स्प्रिंगकडे मात्र जास्त वेळ द्यावा. कारखान्याच्या स्प्रिंगवर बहुधा रंगाचे एक-दोन ठिपके असतात. ती तिच्या वजनाच्या प्रतीची खूण. ठिपके नाहीत, सगळी स्प्रिंग एकाच चमकदार रंगाची आहे, एका टोकाचे वेढे दाट आणि दुसऱ्याचे विरळ आहेत, तर ती नंतर घातलेली असू शकते. त्यात वाईट काही नाही, चांगल्या कंपनीची जोडी असेल तर उलट बरंच. भीती आहे ती कापलेल्या स्प्रिंगची. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून स्वस्तात ग्राइंडरने एक-दीड वेढा उडवतात. मूळ टोक तिच्या बैठकीत नेमकं बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक बोथट, तिरकं, कधी गॅसकटरच्या आचेने निळसर पडलेलं. जॅक लावून चाक लोंबकळत सोडलं आणि स्प्रिंग बैठकीत सैल फिरली, तर गाडी तिथेच सोडून द्यावी. घाटात एखाद्या उसळीला ती स्प्रिंग जागा सोडेल.

कापल्याने स्प्रिंग मऊ होते असा एक गैरसमज आहे. होतं उलट. सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर उरलेल्या पाचांची स्प्रिंग २० टक्के कडक होते. तारेच्या जाडीचा हिशेब तर आणखी चमत्कारिक आहे, कारण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक. डोळ्यांना हा एक मिलिमीटर दिसत नाही, कंबरेला कळतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलेला ग्राहक शहाणा.

मागे, स्विफ्टसारख्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे तिथली लबाडी ओळखणं सोपं. वेढ्यांच्या मध्ये अडकवलेली रबराची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकसारखी जाड कडी दिसली, तर तो स्प्रिंग बफर. आपल्या देशात सस्पेन्शनमध्ये बाहेरून घातलेली सगळ्यात जास्त आढळणारी वस्तू बहुधा हीच असेल. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी गतिरोधकाला घासते, म्हणून लोक ती घालतात. कडीमुळे तेवढा वेढा निकामी होतो, मागची बाजू उचलली जाते आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा गोलाकार हवा. आपल्याकडे गल्लोगल्ली डांबराचे उभे वरवंटे घातलेले असतात, तेव्हा कडी घालणाऱ्या माणसाला दोष देणं अवघडच आहे. तरीही घेणाऱ्याने ती काढून गाडी पुन्हा मोजावी. कडीशिवाय मागची बाजू बसली, तर खरा रोग थकलेल्या स्प्रिंगचा.

जीप-जातीच्या गाड्यांचा प्रकार निराळा. मारुती जिप्सीला चारही चाकांवर पाटे असतात आणि मुळात हे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. हौशी लोक ते वरून बसवतात, त्यासरशी गाडी चांगलीच उंच होते. ओणवं होऊन पाटा अ‍ॅक्सलच्या वर आहे की खाली एवढं पाहिलं तरी गाडीचा इतिहास कळतो. उंच केलेल्या जिप्सीत ब्रेकचे रबरी पाइप ताणलेले आहेत का, प्रोपेलर शाफ्टचा कोन फार तिरका झालाय का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या टाटा सुमो आणि सफारीत पुढच्या बाजूला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा लांब दांडा असतो. त्याच्या टोकाच्या बोल्टने पुढची उंची वाढवता-घटवता येते. दोन्ही बाजूंच्या बोल्टचे उघडे आटे मोजावेत. एकीकडे फार जास्त दिसले, तर थकलेला दांडा बोल्टने ओढून उभा केलेला असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण सांगितलीच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आली. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा नवा घालणं ही दुरुस्ती. गाडी हातभर उचलणं किंवा जमिनीला टेकवणं हा फेरफार. दिल्लीची गाडी महाराष्ट्रात नोंदवायची म्हणजे ती आरटीओसमोर उभी राहणार आहे, तेव्हा हा फरक सौद्याआधीच लक्षात घेतलेला बरा.

आता समजा, गाडीत खरोखर चांगले, कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअप निघाले. हा आधीच्या मालकाचा ठेवाच. पण तो त्याच्या रस्त्यांसाठी लावलेला आहे. गुरुग्रामच्या सपाट द्रुतगती मार्गावर एकट्याने चालवायला कडक केलेली गाडी ताम्हिणीत पाच माणसं आणि सामान घेऊन उतरायला लागली, की बायकामुलं मागे बसायला नाही म्हणतात.

जुळवणीचा बारका स्क्रू किंवा गोल बटण बहुतेक वेळा बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या माथ्यावर, रबरी टोपीखाली सापडतं. काही बनावटींत ते शॉकअपच्या खालच्या टोकाला असतं. फिरवलं की ‘टिक्’ असा हलका खटका लागतो. हात लावण्याआधी आजची जागा नोंदवणं अत्यंत महत्त्वाचं आहे. बटण हलकेच, अडेपर्यंत कडक बाजूला फिरवायचं, तिथवरचे खटके मोजायचे आणि लिहायचे: पुढे डावा नऊ, पुढे उजवा नऊ. डावा नऊ आणि उजवा चार असं निघालं, तर मधल्या काळात कुणीतरी नुसतं चाळवलंय. अडल्यावर जोर लावू नये. आत सुईसारखी झडप असते, ती बैठकीत चेपली की शॉकअप गेला.

त्यानंतर दोन्ही बाजू सारख्या करून मधल्या खटक्यावर आणायच्या आणि रोजचाच एक रस्ता निवडायचा. तेच खड्डे, तोच वेग, तितकीच माणसं. एका वेळी एकाच अ‍ॅक्सलचे दोनच खटके बदलायचे. उंचवट्यानंतर गाडी तरंगत राहिली तर दोन खटके कडक. खड्डा सरळ मणक्यात बसला तर दोन मऊ. सलग खड्ड्यांच्या रस्त्यावर आधी ठीक वाटणारी गाडी हळूहळू खाली बसून दगडासारखी होत गेली, तर परतीची हालचाल फार आवळलेली आहे: चाकाला पुढच्या खड्ड्याआधी खाली यायला वेळच मिळत नाही. ही खूण फार कमी लोक ओळखतात. बहुतेक जण तिथे आणखी कडक करतात आणि गाडी आणखी बिघडते.

जुन्या लाल कोनीला बाहेर बटणच नसतं. तो गाडीतून काढून, दांडा पूर्ण आत दाबून, आतली खाच सापडेपर्यंत सावकाश फिरवावा लागतो. बटण दिसलं नाही म्हणून तो साधा शॉकअप समजून भंगारात देऊ नये.

नळ्यावर आटे पाडलेले असतील आणि दोन जाड कड्यांवर स्प्रिंग बसलेली असेल, तर उंचीही बदलता येते. आटे तारेच्या ब्रशने साफ करून वंगण द्यावं, खालची लॉकची कडी आधी सोडावी, हुकासारख्या पान्याने दोन्ही बाजूंना सारखेच फेरे द्यावेत. कडी आवळली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं गॅरेजमध्येही म्हणतात. साध्या, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगला ते लागू नाही. गाडी तेवढी उचलली जाते, इतकंच. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला मोठा नट मात्र घरी कधीही सोडू नये. आत दाबून ठेवलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो आणि तो सुटला तर हात, तोंड काही बघत नाही. ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजचंच.

गॅरेजमध्ये एका गोष्टीसाठी मात्र आग्रह धरावा. लोअर आर्मच्या, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन येऊ देऊन मगच आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात. ‘नवीनच टाकले होते, पुन्हा आवाज येतो’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

उंची बदलली की व्हील अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं, कारण चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलून पुढची चाकं आत किंवा बाहेर वळतात आणि टायरची एक कड खाल्ली जाते. छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना जुळवणीची सोयच नसते, तेव्हा मागचा आकडा चुकला तर कारण वाकलेल्या भागात शोधावं. आठवडाभराने तोच टेप घेऊन चारही अंतरं पुन्हा मोजावीत. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात.

आणि हेडलाइट. आपल्या २०१६ च्या स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २४३० मिलिमीटर अंतर आहे. पुढची बाजू नुसती ३ सेंटिमीटर उचलली तर उजेड दर मीटरला १.२ सेंटिमीटर वर जातो. १० मीटरवरच्या भिंतीवर त्याची कड नुसत्या या कलण्यानेच १२ सेंटिमीटरने चढते. खालचा झोत साधारण मीटरला एक सेंटिमीटर खाली झुकलेला असतो, तो सगळा झुकाव यात संपतो आणि झोत सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून कामाला हात घालण्याआधी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर १० मीटरवर उभी करून उजेडाची कड खडूने आखून ठेवावी. काम झाल्यावर, तितकीच माणसं आत बसवून, गाडी तिथेच पुन्हा लावावी आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवत उजेड त्या खडूच्या रेघेवर आणावा.